चिकन-मटण पातळ करायचं तर: बत्ता, लाटणं की बाजारातली हातोडी?

पहिल्यांदा चिकन ठोकायला घेतलं तेव्हा मी त्याची जाळी केली होती. अनारशाला पडते तशी. भांड्यांच्या दुकानातून दोन्ही तोंडांना टोकदार दाते असलेली अ‍ॅल्युमिनियमची हातोडी हौसेनं आणली, बोनलेस ब्रेस्ट पोळपाटावर ठेवला आणि खिळा ठोकावा तसा ठोकला. दहाबारा ठोक्यांत कडा फाटल्या, मधला भाग होता तेवढाच जाड राहिला आणि ओट्यामागच्या टाइल्सवर गुलाबी तुषार उडाले. बेत कटलेटचा होता, जेवायला खिमा झाला.

चूक हाताची, असं बरेच दिवस वाटत होतं. निम्मी हाताची होतीच, पण निम्मी त्या हातोडीची. मांस मऊ करणं आणि मांस पातळ करणं ही दोन वेगळी कामं आहेत. दुकानदार मांसाची हातोडी म्हणून आधी जी पुढे करतो ती बहुतेक वेळा मऊ करण्याची असते. दाते मांसात घुसतात, धागे तोडतात. पातळ करायला मात्र मांस तुटायला नको, सरकायला हवं. त्यासाठी सपाट तोंड लागतं, वजन लागतं आणि जोर अगदी थोडा. खाली जे काही सांगणार आहे ते सगळं या एका फरकातून आलेलं आहे.

पातळ कशाला करायचं?

चिकनचा ब्रेस्ट नीट बघा. एक टोक बोटभर जाड, दुसरं टोक शेपटीसारखं निमुळतं. तो तसाच तव्यावर टाकला तर जाड टोक आतून शिजेपर्यंत शेपटीचं चामडं होतं. तोच सगळीकडून अर्ध्या सेंटीमीटरवर आणला की दोन्ही टोकं एकाच वेळी तयार. चार-पाच मिनिटांत खेळ संपतो आणि मांस रसदार राहतं. एकसारखी जाडी हा ठोकण्याचा खरा फायदा. मऊपणा त्यासोबत आपोआप येतो, कारण ठोकल्यामुळे सैल झालेले धागे तापल्यावर तेवढे आखडत नाहीत आणि पाणी तेवढं पिळून बाहेर काढत नाहीत.

हे पाश्चात्त्य खूळ वाटत असेल तर गोव्यातल्या संध्याकाळच्या गाड्या आठवा. तिथं कटलेट-पाव मागितलात तर बटाट्याची टिक्की मिळत नाही. मिळते ती मांसाची ठोकून पातळ केलेली चकती: आलं-लसूण, मिरची, व्हिनेगर चोळलेली, रव्यात घोळून तळलेली, पावात कोबी-कांद्यासोबत. उत्तरेकडच्या मुसलमानी स्वयंपाकातले पसंदे त्याच जातीचे. रानेच्या, म्हणजे मागच्या मांडीच्या, मांसाचे काप सुऱ्याच्या पाठीनं ठोकून पानासारखे करायचे आणि मग मसाल्यात मुरवायचे. आणि या कामाची राजधानी म्हणायची तर व्हिएन्ना. तिथं हॉटेलच्या यादीत नुसतं ‘व्हीनर श्नित्सेल’ (ठोकून, ब्रेडच्या चुऱ्यात घोळून तळलेला काप) लिहिलं असेल तर ते वासराच्याच मांसाचं असावं लागतं. डुकराचं असेल तर तसं सांगावं लागतं. मिलानमध्ये अशाच एका पसरट ठोकलेल्या कटलेटला ‘हत्तीचा कान’ म्हणतात, आणि ताटाबाहेर लोंबणाऱ्या त्या कडा पाहिल्या की नाव पटतं.

एक खुलासा. बोंबील हा या यादीत नाही. ताजे बोंबील चिरून, उघडून आपण पाट्याखाली किंवा जड डब्याखाली दाबून ठेवतो ते पाणी निघावं म्हणून. बोंबील दाबायचा असतो, ठोकायचा नसतो. ठोकलात तर हातात लगदा येईल. एका मैत्रिणीनं करून पाहिलंय, म्हणून सांगते.

बाजारात काय मिळतं

पहिली, दोन तोंडांची हातोडी. एका तोंडाला दाते, दुसरं सपाट. ही सगळ्यांत सहज मिळते आणि सपाट बाजू नीट असेल तर दोन्ही कामं भागवते. घेताना दात्यांकडे बघूच नका, सपाट तोंडाकडे बघा. त्याची कड धारदार, काटकोनात कापलेली असेल तर प्रत्येक ठोक्याला मांसावर चंद्रकोर उमटेल आणि तिथंच ते फाटेल. कड गोलसर हवी, बोट फिरवून कळते. तोंड जितकं मोठं तितकं चांगलं. निदान पाच-सहा सेंटीमीटर रुंद तरी असावं. बऱ्याच स्वस्त हातोड्यांची दोन्ही तोंडं दातेरीच असतात, एकीकडे मोठे दाते, दुसरीकडे बारीक. माझी पहिली हातोडी तसलीच. त्या पातळ करायच्या कामाच्या नाहीत.

दुसरी, उभ्या मुठीची चकती. खाली तळहाताएवढी स्टीलची जाड गोल चकती, वर मधोमध मूठ, टपालाच्या शिक्क्यासारखी. इटलीत हिला ‘बात्तिकार्ने’ म्हणतात. ठोका सरळ वरून खाली पडतो, बोटं पाटाच्या वरच राहतात आणि चकती मांसाच्या मोठ्या भागावर एकदम बसते. पातळ करण्यासाठी याहून चांगलं साधन मी वापरलेलं नाही. आपल्याकडे प्रत्येक दुकानात मिळतेच असं नाही, हॉटेलांना भांडी पुरवणाऱ्या दुकानांत आधी विचारा. पुण्यात असाल तर रविवार पेठेत, बोहरी आळीच्या बाजूला फेरी मारायला हरकत नाही.

तिसरी, लाकडी हातोडी. हलकी असते, आवाज कमी करते आणि दिसते छान. पण कच्च्या मांसाचं पाणी लाकूड पितं आणि दात्यांच्या खाचा कधीच धड स्वच्छ होत नाहीत. शिवाय हलकी म्हणजे जोर आपल्याला लावावा लागणार. माझ्या शेजारणीच्या लाकडी हातोडीचं डोकं तिसऱ्याच वापरात दांड्यातून निघून भाजीच्या टोपलीत गेलं होतं. घ्यायचीच तर सपाट तोंडाची, जड लाकडाची घ्या.

चौथं साधन सुयांचं. मुठीच्या खाली बारीक पात्यांच्या किंवा सुयांच्या रांगा, दाबलं की मांसात घुसतात. चिवट मांसाला उपयोगी असेल, पण जाडी यानं कमी होत नाही. त्यात एक धोकाही आहे. मांसाच्या वरच्या अंगाला असलेले जंतू सुयांबरोबर आत ढकलले जातात. म्हणून असं टोचलेलं मांस आतून अर्धंकच्चं ठेवून खाऊ नये. चिकनला तर याची गरजच नाही.

दुकानात उभं राहून करायची परीक्षा सोपी आहे. हातोडी मुठीत धरा, मनगट सैल सोडा. डोकं आपोआप खाली झुकलं पाहिजे. झुकत नसेल तर ती हलकी आहे आणि काम तुमच्या खांद्याला करावं लागणार. माझ्या मते पाचशे ते आठशे ग्रॅम हे घरच्या हाताला पेलणारं आणि कामाला पुरणारं वजन. मग हातोडीचं सपाट तोंड काउंटरवर टेकवा आणि मुठीखाली बोटं मावतात का पाहा. डोकं बुटकं असेल तर ठोक्यागणिक तुमची बोटं पाटावर आपटणार. शेवटी जोड: दांडा आणि डोकं एकाच ओतीव तुकड्याचं असेल तर उत्तम. स्क्रूचा जोड असेल तर तिथं मांसाचं पाणी साचतं आणि काही दिवसांनी वास मारू लागतो.

घरात आधीच काय आहे

खरं सांगायचं तर बहुतेक घरांना नवीन काही घ्यायची गरज नाही.

लोखंडी किंवा पितळी खलबत्त्याचा बत्ता हे फार चांगलं साधन आहे. माझा काट्यावर ठेवला तर ७४० ग्रॅम भरला. त्याचं खालचं टोक गोल आणि लहान असल्यानं ते वापरायचं नाही, खड्डे पडतात. बत्ता आडवा धरायचा आणि पोटानं ठोकायचं. दोन्ही टोकांना धरून रुळासारखा फिरवताही येतो. आमच्याकडे यावरून एकदा थोडं झालं. सासूबाईंनी मला बत्ता चिकनवर आपटताना पाहिलं आणि म्हणाल्या, “अगं, दिवाळीला वेलची कुटते मी त्यात!” मी म्हटलं, “आई, प्लास्टिक आहे मध्ये, बत्त्याला काही लागत नाही.” त्यावर त्या काही बोलल्या नाहीत, पण दुसऱ्या दिवशी जुन्या बाजारातून माझ्यासाठी वेगळा बत्ता आला. त्यांचं बरोबरच होतं. ज्या घरात एकजण जरी शाकाहारी आहे तिथं मांसाचं साधन वेगळंच असावं. आणि सगळे खाणारे असले तरी लसणाचा वास मुरलेल्या बत्त्यानं साधं चिकन ठोकू नये.

लाटणं चिकनपुरतं चालतं. आपलं पोळीचं लाटणं मधे फुगीर आणि टोकांना निमुळतं असतं, त्यामुळे ठोका मधल्या भागानं बसतो. हलकं असल्यानं ठोके जास्त लागतात. मटणाला ते पुरत नाही.

वरवंटा उचलून ठोकू नका, जड आहे, हातातून सुटला तर पायावर पडेल. पण मांसावर ठेवून पुढे-मागे लोटायला तो छान. ठोकून झाल्यावर उंचवटे सपाट करायला मी कधीकधी तोच घेते.

बिडाचा तवा किंवा जड बुडाचं पॅन हे अडीअडचणीचं साधन. बूड मोठं असल्यानं ठोका पसरतो आणि मांस फाटत नाही; आवाज मात्र चाळीभर जातो. सत्तुराची किंवा सुऱ्याची पाठ खाटकाच्या हातात शोभते. त्याच्याकडे खाली चिंचेचा ओंडका असतो आणि वर्षांची सवय. आपण उलट्या धरलेल्या सत्तुराची धार स्वतःकडे करून ठोकायचं, हे मला पटत नाही.

कुठे ठोकायचं

साधनाइतकंच महत्त्व खालच्या पृष्ठभागाला. जाड लाकडी पाट, निदान तीन सेंटीमीटरचा, सगळ्यांत बरा. पातळ प्लास्टिकचा बोर्ड ठोक्यागणिक उडतो. काचेचा बोर्ड तर विचारातही आणू नका. पोळपाटाला पाय असतात, त्यामुळे मधे आधार नसतो. माझ्या पोळपाटाला चीर गेली ती त्याच पहिल्या दिवशी.

पाटाखाली ओला, घडी घातलेला पंचा ठेवा. पाट सरकत नाही आणि आवाज निम्म्यावर येतो. ग्रॅनाइटचा ओटा असेल तर खाली वाकून बघा, कडाप्प्याच्या उभ्या फरश्या कुठे आहेत. त्या जिथं ओट्याला टेकतात त्याच्या वर पाट मांडा. सिंकच्या आणि शेगडीच्या कापलेल्या भागाजवळ दगड अरुंद असतो, तिथं ठोकू नका. हातोडी असेल तर पाट ओट्याच्या अगदी कडेला घ्या, म्हणजे मूठ ओट्याबाहेर राहते आणि बोटं वाचतात.

खालच्या मजल्यावर कोणी दुपारी झोपत असेल तर हे काम सकाळी उरका. एवढं सांभाळलं की सोसायटीत बरं राहतं.

दुधाची पिशवी

मांस उघडं ठोकायचं नाही, वर-खाली प्लास्टिक हवंच. प्लास्टिक नसेल तर मांस हातोडीला चिकटतं आणि उचलताना फाटतं, शिवाय कच्चे शिंतोडे भिंतीवर उडतात. क्लिंग फिल्म दोन ठोक्यांत फाटते आणि तिचे तुकडे मांसात जातात. बटर पेपर ओला होऊन विरघळल्यासारखा होतो. सगळ्यांत उत्तम आपली दुधाची पिशवी. जाड असते, खाद्यपदार्थांसाठीच बनवलेली असते आणि रोज घरात येते. तीन बाजूंनी कापून पुस्तकासारखी उघडा, साबणानं धुऊन कोरडी करा. एक लिटरच्या पिशवीत एक तुकडा नीट मावतो. वडे, थालीपीठ थापायला आपण हीच वापरतो, तर त्याच अनुभवातून कळेल की आतून पाण्याचे चार थेंब शिंपडले की पदार्थ चिकटत नाही, सरकतो. चिकनलाही तेच. छापील बाजू बाहेर ठेवायची. एकदा वापरलेली पिशवी टाकून द्यायची.

चिकन: सुरुवातीपासून शेवटपर्यंत

चिकनवाल्याला ‘बोनलेस ब्रेस्ट अख्खा द्या, काप करू नका’ असं सांगा. दोनशे-अडीचशे ग्रॅमचा तुकडा घ्या. फार मोठे ब्रेस्ट कधीकधी लाकडासारखे कडक लागतात, ते ठोकूनही सुधारत नाहीत.

नळाखाली धुऊ नका. धुण्यानं जंतू जात नाहीत, सिंकभर आणि आजूबाजूच्या भांड्यांवर पसरतात. कागदी रुमालानं टिपून घ्या. ओलं मांस प्लास्टिकमध्ये नको तितकं घसरतं.

ब्रेस्टच्या खालच्या अंगाला एक सुटी, करंगळीसारखी पट्टी असते. ती हातानं ओढून वेगळी करा. तिच्यातली पांढरी शीर सुरीनं खरवडून काढा आणि पट्टी बाजूला ठेवा, पुढे कामाला येईल.

ब्रेस्ट वीस मिनिटं फ्रीजरमध्ये ठेवा. गोठवायचा नाही, फक्त घट्ट करायचा. मग पाटावर ठेवून डाव्या हाताचा तळवा त्यावर सपाट दाबा, बोटं वर उचललेली. सुरी पाटाला समांतर धरून जाड बाजूनं आडवी आत घाला आणि पलीकडे बोटभर अंतर राहिलं की थांबा. आता तो पुस्तकासारखा उघडतो. तीन सेंटीमीटरची जाडी दीडवर आली, म्हणजे निम्मं काम सुरीनं केलं. ही पायरी गाळून अख्खा गोळा ठोकत बसणारे फार भेटतात. ठोकून ठोकून तो पसरतो खरा, पण तोवर वरचं अंग भुसभुशीत झालेलं असतं. दोन वेगळे तुकडेच हवे असतील तर पूर्ण कापा.

उघडलेला ब्रेस्ट फ्रीजरच्या गारव्यातून थोडा सैल होऊ द्या, पाचएक मिनिटं. कडक मांसाला ठोका दिला तर ते सरकत नाही, तडकतं. मग पिशवीच्या दोन पानांमध्ये ठेवा, खरखरीत बाजू वर.

आता ठोका. पुण्यातल्या कसब्यात तांबट आळीत तांब्याच्या हंड्यावर मठारकाम करणारा कारागीर पाहिलाय का? तो हातोडी फार उंच नेत नाही. एका लयीत, प्रत्येक ठोका आधीच्या ठोक्याच्या शेजारी, थोडा त्याच्यावर चढवून पाडत जातो. आपल्यालाही तेच करायचंय. साधन वीतभरापेक्षा कमी उचला आणि पडू द्या. दाबू नका. पहिला ठोका सगळ्यांत जाड जागी, म्हणजे मधल्या घडीच्या दोन्ही बाजूंना. तिथून बाहेरच्या कडेकडे जा. ठोका बसताक्षणी साधन किंचित बाहेरच्या दिशेला ओढा, भाकरी थापताना तळहात पीठ बाहेर नेतो तसं. ही ओढ म्हणजेच सगळं कौशल्य. नुसत्या उभ्या ठोक्यानं मांस चेचलं जातं, ओढीमुळे ते चालू लागतं.

चार-पाच ठोके झाले की पिशवीसकट पाव फेरी फिरवा, तेही भाकरीसारखंच. दोन फेऱ्यांनंतर उलटून घ्या. पिशवी मांसाला चिकटून ताणली गेली असेल तर वरचं पान उचलून सैल करा, पुन्हा एक-दोन थेंब पाणी. कडेपासून बोटभर आत थांबायचं, कडा आपोआप पातळ होतात. माझे एका ब्रेस्टला पंचवीसएक ठोके होतात, तुमच्या साधनाच्या वजनावर हे ठरेल.

जाडी डोळ्यांना फसवते. पिशवीवरून तळहात सावकाश फिरवा, उंचवटे बोटांना लगेच लागतात. शाळेची पेन्सिल साधारण सात मिलिमीटर जाड असते. ती शेजारी ठेवून बघा, तिच्याहून थोडं खाली आलं की चिकनला पुरे. याहून पातळ केलेलं चिकन तव्यावर वाळतं.

मटणाचे पसंदे

मटणाला धीर लागतो. खाटकाला मागच्या पायाचं, मांडीचं बोनलेस मागा आणि धाग्यांना आडवे काप करून द्यायला सांगा. बोकड फार जून नको. काप करंगळीएवढे जाड, आकाराला तळहाताच्या निम्मे. चांगला खाटीक पसंद्याचं नाव काढताच स्वतःच ठोकून देतो. दिलं तर घ्या, बसण्याची आणि ओंडक्याची सवय त्याच्याकडे आहे.

घरी ठोकायचे तर आधी कापांवरचा पांढरा, चमकदार पापुद्रा सुरीनं काढून टाका. तो ठोकूनही तुटत नाही आणि तापल्यावर आखडून अख्खा काप वाटीसारखा वळवतो. दातेरी बाजूला न्याय मिळतो तो इथं. आधी दात्यांनी हलके चार-सहा ठोके, दोन्ही अंगांना, मग सपाट तोंडानं पसरवणं. शेवटची जाडी चार-पाच मिलिमीटर. काप आकाराला दीडपट झाला की थांबा.

ठोकण्यानं धागे तुटतात, पण मटणातल्या चिवट जाळीला विरघळायला वेळ आणि ओलावा लागतोच. म्हणून पसंदे मुरवून, झाकून, मंद आचेवर शिजवतात. कच्ची पपई लावणार असाल तर अर्ध्या किलोला एक चमचा वाटण पुष्कळ. ठोकलेल्या मांसात मसाला भराभर शिरतो, पपईही तशीच शिरते. रात्रभर ठेवलेत तर सकाळी लापशी मिळेल. दोन तास खूप झाले.

पोर्क करणाऱ्यांसाठी थोडक्यात: कमरेच्या भागाचे दीड सेंटीमीटरचे काप घ्या, चरबीच्या कडेला दोन-तीन ठिकाणी चिरा द्या म्हणजे तळताना वळत नाही, आणि सपाट तोंडानं पाच मिलिमीटरवर आणा. ते आधीच मऊ असतं, दात्यांची गरज नाही.

बिघडलं तर

भोक पडलं? बाजूला ठेवलेली पट्टी आठवतेय ना? तिचा तुकडा भोकावर ठेवा, पिशवी झाका आणि दोन-तीन हलके ठोके. कच्चं चिकन स्वतःला चिकटतं, रव्यात घोळल्यावर ठिगळ दिसतही नाही. कड फारच झिरझिरीत झाली तर ती आत दुमडून पुन्हा सपाट करा. पॅनपेक्षा मोठं पसरलं तर आताच कापा, आवरण लावल्यावर कापलं तर कडा उघड्या पडतात. आणि माझ्यासारखी जाळीच झाली, तर हट्ट करू नका: सुरीनं बारीक करा, कांदा-मिरची घाला, खिमा समजून पुढे चला.

तव्यावर

पातळ मांसाला लांब मुरवणं नको. मीठ आणि मसाला अर्धा तास आधी लावला तरी भागतं. लिंबू किंवा व्हिनेगर जास्त वेळ राहिलं तर वरचा थर पिठूळ होतो. गोव्याच्या पद्धतीचं कटलेट करायचं तर आलं-लसूण, हळद, तिखट, थोडं व्हिनेगर, मग बारीक रवा. रवा हातानं दाबून बसवायचा नाही, नुसता झटकून घ्यायचा. तेल आधी चांगलं तापलेलं हवं, नाहीतर रवा तेल पीत बसतो. सहा मिलिमीटरच्या चिकनला एका बाजूला दीड-दोन मिनिटं बास. थर्मामीटर असेल तर चिकन आतून ७४ अंश सेल्सिअसला पोहोचलं पाहिजे. नसेल तर मधोमध चीर देऊन बघा, गुलाबी रंग राहता कामा नये.

श्नित्सेल करणार असाल तर मैदा, अंडं, ब्रेडचा चुरा हा क्रम, आणि तेल इतकं की तुकडा तरंगावा. पॅन सतत हलवत राहायचं, म्हणजे गरम तेल वरूनही फिरतं आणि आवरण फुगून मांसापासून सुटतं.

धुणं आणि ठेवणं

पिशवी मध्ये असली तरी हातोडी गरम पाण्यानं आणि साबणानं धुवाच. दात्यांच्या खाचांसाठी जुना टूथब्रश वेगळा ठेवा, घासणीचे धागे आत अडकतात. अ‍ॅल्युमिनियम डिशवॉशरमध्ये घातलं तर काळपट पडतं. लाकडी हातोडी आणि पाट भिजत ठेवायचे नाहीत. धुऊन लगेच पुसायचे आणि उभे, वाऱ्याला ठेवायचे. लोखंडी बत्ता कोरडा करून तेलाचं बोट फिरवा, नाहीतर पावसाळ्यात दुसऱ्या दिवशी गंज. ओटा पुसलेला फडका तसाच पोळ्यांच्या डब्याजवळ न्यायचा नाही, तो थेट धुण्यात. कोशिंबिरीची काकडी त्या वेळी ओट्यावर नसलेलीच बरी.

ठोकलेलं मांस फ्रीजमध्ये एक दिवस, फार तर दोन दिवस. त्यापुढे फ्रीजर. गटारीच्या दिवशी चिकनच्या दुकानासमोरची रांग ज्यांनी पाहिली आहे त्यांनी आठवडाभर आधी हे काम उरकावं: प्रत्येक तुकड्यामध्ये कापलेल्या पिशवीचं एक पान, एकावर एक चवड, वरून घट्ट गुंडाळून फ्रीजरमध्ये आडवी. आदल्या रात्री हवे तेवढे तुकडे काढून खालच्या कप्प्यात ताटलीत ठेवायचे. पातळ असल्यामुळे सकाळपर्यंत सुटतात, बाकीची चवड न वितळता तशीच राहते.